उशीखाली लपवलेली बिस्किटं आणि एक डबा

मोठं मूल दत्तक घेतलं की पहिल्या काही आठवड्यांत अनेक घरांत हे दिसतं: उशीखाली बिस्किटं, कपाटात कपड्यांच्या घडीत अर्धं केळं, दप्तरात चुरा झालेला खाऊ. ही चोरी नाही. पुढचं जेवण मिळेलच याची खात्री ज्याला कधी नव्हती, ते मूल साठवणारच. म्हणून रागवू नका, झडतीही घेऊ नका.

१. झाकणाचा एक डबा आणा. रंग मुलालाच निवडू द्या, त्यावर त्याचं नाव त्यालाच लिहू द्या.
२. त्यात न नासणारा खाऊ भरा. डबा त्याच्या खोलीत, त्याच्या हाताला येईल असा ठेवा.
३. स्पष्ट सांगा, "हा तुझा डबा. कधीही उघड, विचारायची गरज नाही."
४. रोज एका ठरलेल्या वेळी, शक्यतो झोपण्याआधी, दोघांनी मिळून तो भरा. रिकामा दिसला तरी "एवढं सगळं संपवलंस?" असं चुकूनही म्हणू नका. नुसता भरा.

सुरुवातीला डबा रोज रिकामा होईल, आणि तरीही उशीखाली काहीतरी सापडेल. चालू द्या. हळूहळू, बहुतेकदा काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी, तो अर्धा भरलेला राहू लागतो. माझ्या मते या मुलांसाठी घरातली सगळ्यात मोलाची वस्तू हीच.

एकच जपा: शिक्षा म्हणून हा डबा कधीही काढून घेऊ नका, बक्षीस म्हणूनही वापरू नका. अभ्यास झाला नाही, भांडण झालं, तरी डबा भरलेलाच हवा.