शहराकाठच्या खारफुटीची तब्येत कशी तपासावी

रस्त्यावरून हिरवीगार दिसणारी खारफुटी आतून खंगलेली असू शकते. त्यामुळे पाहणी चिखलात उतरूनच करायची. पूर्ण ओहोटीच्या दोन तास आधी आत शिरा आणि भरती लागली की बाहेर पडा.

पाण्याच्या कडेपासून जमिनीकडे सरळ रेघ धरून 10 बाय 10 मीटरचे तीन चौकोन दोरीने आखा: एक कडेला, एक मध्ये, एक आत. भरतीचं पाणी कुठे किती वेळा पोहोचतं त्यावर झाडांच्या जाती बदलतात. नुसती कडा मोजली तर निम्मं वन निसटतं.

ओळख मुळांपासून सुरू करा. चिखलातून पेन्सिलीसारखी श्वसनमुळं वर आलेली आणि पानाची पाठ करडी असेल तर तिवर. मुळं जाड सुळक्यांसारखी, पान गोलसर, तर चिप्पी. कमानीसारखी आधारमुळं कांदळाची, शिंगासारखी वाकडी फळं काजळ्याची. पान तोडल्यावर दुधी चीक आला तर तो गेवा. हा चीक डोळ्यांना फार घातक, हात लगेच धुवा.

घेर 1.3 मीटर उंचीवर मोजा. कांदळाचा मात्र सर्वांत वरच्या आधारमुळाच्या 30 सेंटीमीटर वर. एका चौकोनातल्या झाडांच्या संख्येला 100 ने गुणलं की हेक्टरी संख्या मिळते. रोपं वेगळी मोजा. दाट सावलीत ती कमीच असतात, पण झाड पडून ऊन आलेल्या जागीही ती नसतील तर काळजीचं कारण आहे. सांडपाणी सोसणारं तिवर शहराजवळ इतरांना मागे टाकतं, म्हणून संख्येबरोबर जातीही नोंदवा.

चिखलाला सडक्या अंड्यांचा वास येतोच. त्यावरून प्रदूषण ठरवू नका. श्वसनमुळांची टोकं उघडी आहेत का ते पाहा. भराव किंवा प्लास्टिकखाली ती गाडली गेली की झाड गुदमरतं.

तिवराची पानं अळ्यांनी फस्त केली म्हणून झाड मेलं असं लिहू नका. साल नखाने खरवडा. आत हिरवं असेल तर पालवी बहुधा परत येते. पण एक अख्खा पट्टाच वाळलेला असेल तर जवळचा बांध किंवा रस्ता शोधा. त्याखालची मोरी बहुतेक वेळा तुंबलेली असते आणि आतलं पाणी भरती-ओहोटीला हलत नाही. मोरी मोकळी केल्याशिवाय तिथे रोपं लावू नका, तीही मरतील.