घरच्यांसाठी बजेटमधला लॅपटॉप घेताय? हे बघून घ्या

दहावी-बारावीचे निकाल लागले की, आणि मग दसरा-दिवाळीच्या सेलच्या आधी, मला ओळखीतल्या लोकांचे तेच फोन सुरू होतात. घरात एक लॅपटॉप घ्यायचाय, बजेट चाळीसच्या आसपास, मुलं अभ्यासाला वापरतील, ह्यांचं थोडं ऑफिसचं काम, आई युट्युबवर कीर्तन बघेल, तर कुठला घेऊ? आता मॉडेलचं नाव सांगून काही उपयोग नसतो, कारण दोन-तीन महिन्यांत ते मॉडेलच गायब होतं आणि त्याच नावाखाली आतलं सामान बदललेलं दुसरंच काहीतरी येतं. म्हणून मी एकच गोष्ट सांगतो, जे नंतर बदलता येत नाही त्यावर पैसे घाला, बाकीचं हळूहळू करता येतं.

बदलता न येणारं म्हणजे प्रोसेसर, स्क्रीन आणि बऱ्याच लॅपटॉपमधे आता रॅम (चालू कामांची तात्पुरती मेमरी) सुद्धा. एसएसडी (फाइली साठवायची जागा) बहुतेक वेळा नंतर मोठी टाकता येते, बॅटरी बदलता येते, माउस-बॅग काय रस्त्यावर पण मिळते.

रॅमपासून सुरू करू. ४ जीबीवाला घेऊच नका, कितीही स्वस्त मिळाला तरी. विंडोज ११ चालण्यासाठी किमान ४ जीबी लागते असं कंपनी म्हणते, पण चालणं वेगळं आणि वापरता येणं वेगळं, क्रोममधे दहा टॅब उघडले आणि एकीकडे ऑनलाइन क्लास चालू असला की मशीन कण्हायला लागतं. ८ जीबी कमीत कमी, १६ परवडत असेल तर १६. पण त्याहून महत्त्वाचा प्रश्न दुकानदाराला हा विचारायचा की रॅम बोर्डावर सोल्डर केलेली, म्हणजे कायमची चिकटवलेली आहे का, आणि एक तरी स्लॉट रिकामा आहे का. सोल्डर असेल आणि स्लॉट नसेल तर आज जेवढी आहे तेवढीच शेवटपर्यंत. नंतर टाकू म्हणणाऱ्यांनी हे पण लक्षात घ्या की २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव चांगलेच चढलेत, त्यामुळे जी काय लागेल ती लॅपटॉपसोबतच आलेली बरी.

प्रोसेसरच्या नावात सगळ्यात जास्त गंडवागंडवी चालते. "आय सेव्हन आहे साहेब" म्हणून चौथ्या जनरेशनचा गळ्यात मारतात. इंटेल कंपनीच्या प्रोसेसरमधे आय३, आय५ हे फक्त आडनाव झालं, पुढचा आकडा बघायचा. आय३-१२१५यू म्हणजे १२ वी जनरेशन, त्यात ६ कोर (एकाच वेळी काम करणारे भाग) आहेत आणि घरच्या सगळ्या कामांना तो व्यवस्थित पुरतो, मी तर म्हणेन चाळीसच्या बजेटमधे हा किंवा १३ व्या जनरेशनचा आय३-१३१५यू मिळाला तर जास्त डोकं लावू नका. इंटेलचे स्वस्तातले सेलेरॉन एन४०२०, एन४५०० असलं काही दिसलं तर पुढे चला, दोनच कोर असतात आणि पहिल्या दिवसापासून हळू. एन१०० मधे चार कोर असतात, फक्त व्हिडिओ बघणं, फॉर्म भरणं, बँकेचं काम एवढंच असेल तर चालून जाईल.

एएमडी ह्या दुसऱ्या प्रोसेसर कंपनीचं थोडं किचकट आहे. रायझन ३ ७३२०यू हे नाव ऐकून वाटतं ७००० सिरीज म्हणजे एकदम नवीन, पण ह्या सिरीजमधे तिसरा आकडा बघायचा असतो, तो २ असेल तर आतलं डिझाइन झेन २ म्हणजे २०१९ मधे आलेलं. रायझन ५ ७५२०यू पण तसाच, नावात ५ असून चारच कोर. वाईट नाहीत हे, साध्या कामाला बरे चालतात, पण ह्या दोन्हींसोबत येणारी रॅम कायम सोल्डर केलेलीच असते, म्हणून ८ जीबीवाला घेतला की विषय संपला. त्यापेक्षा रायझन ५ ७५३०यू थोड्या फरकाने मिळत असेल तर तो उचला, तिसरा आकडा ३, ६ कोर.

आता स्क्रीन. याकडे कोणीच बघत नाही आणि घरच्या लॅपटॉपला हीच सगळ्यात जास्त लागते, कारण घरात एकटा माणूस समोर बसून बघत नसतो, मधे आई, शेजारी नातू, मागून कोणीतरी वाकून. स्वस्तातल्या बऱ्याच लॅपटॉपमधे टीएन नावाचं हलकं पॅनल असतं. दुकानात टेस्ट सोपी आहे, एखादा माणसाच्या चेहऱ्याचा फोटो उघडा आणि झाकण हळूहळू मागे-पुढे करा, चेहरा एका कोनात पांढराफटक आणि दुसऱ्या कोनात निगेटिव्हसारखा काळा पडला तर ते टीएन. आयपीएस ह्या दुसऱ्या प्रकारच्या पॅनलमधे बाजूने बघितलं तरी रंग टिकून राहतात. ऑनलाइन घेताना माहितीत आयपीएस असं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच खरं माना, नुसतं "फुल एचडी अँटीग्लेअर" लिहिलं असेल तर संशय घ्या. ब्राइटनेस २५० निट्स (स्क्रीनच्या उजेडाचं माप) घरात चालतो, गॅलरीत दिवसा बसून काम करायचं असेल तर ३०० च्या पुढचा बघा. साइज १५.६ इंच घ्या. चौदावाला हलका असतो हे खरं, पण घरात कोण एवढं घेऊन फिरतंय, आणि मोठ्यात बऱ्याचदा आकड्यांचं वेगळं कीपॅड मिळतं, घरात कोणी टॅली करत असेल तर त्याशिवाय चालत नाही.

स्टोरेज ५१२ जीबी एसएसडी. ईएमएमसी (स्वस्तातली स्टोरेज चिप) असा शब्द दिसला तर नको, ती बोर्डालाच चिकटवलेली असते आणि ६४ जीबीवाली विंडोजच्या अपडेटनेच भरून जाते. जुन्या स्टॉकमधे अजून १ टीबी हार्ड डिस्कवाले पडलेले असतात, आकडा मोठा दिसतो म्हणून भुलू नका, एसएसडीपेक्षा त्या खूप हळू असतात.

क्रोमबुक, म्हणजे विंडोजऐवजी गुगलच्या सिस्टिमवर चालणारा लॅपटॉप, घेऊ का असं पण विचारतात. फक्त ब्राउझर आणि गुगलचं काम असेल तर ठीक आहे, अपडेट पण भरपूर वर्षं मिळतात. पण मुलीला शासनाच्या टायपिंग परीक्षेची घरी प्रॅक्टिस करायचीये, किंवा कोणी श्रीलिपी ह्या मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरवर डीटीपी करतंय, किंवा टॅली, तर विंडोजच हवं. साधं मराठी टाइप करायला विंडोजमधे फोनेटिक कीबोर्ड आधीच असतो, सेटिंगमधे मराठी भाषा ॲड करून तिच्या ऑप्शनमधे फोनेटिक कीबोर्ड निवडला की झालं, वेगळं काही विकत घ्यायची गरज नाही.

बजेट वीस-पंचवीसच असेल तर नवीन सेलेरॉन घेण्यापेक्षा रिफर्बिश्ड, म्हणजे वापरलेला आणि ठीकठाक करून विकलेला घ्या, हे माझं ठाम मत. ऑफिसांमधून निघालेले लेनोवोचे थिंकपॅड टी४८० किंवा डेलच्या लॅटिट्यूडसारखे लॅपटॉप मजबूत असतात, कीबोर्ड तर आत्ताच्या बजेटवाल्यांपेक्षा भारी. मुंबईत लॅमिंग्टन रोडला ढिगाने मिळतात, आता तर तालुक्याच्या गावी पण दुकानं झालीत. अट एकच, इंटेल असेल तर ८ व्या जनरेशनच्या खालचा नको, कारण विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ अधिकृतपणे ८ व्या जनरेशनपासूनच चालतं. सातवी जनरेशन स्वस्तात मिळतेय ती त्यामुळेच.

तिथे घाई करू नका. कमांड प्रॉम्प्टमधे पॉवरसीएफजी, स्पेस, स्लॅश, बॅटरीरिपोर्ट (powercfg /batteryreport) असं टाकलं की एक फाइल तयार होते, त्यात डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी शेजारी दिसतात, दुसरी पहिलीच्या निम्म्यावर आली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे भावातून कमी करून मागा. मग विंडोज रीसेट करून वायफाय जोडून पहिल्यापासून सेटअप करून दाखवा म्हणायचं. मधेच कुठल्यातरी कंपनीचं नाव येऊन ऑफिसचा ईमेल मागितला तर तो लॅपटॉप अजून त्या कंपनीच्या सिस्टिममधे अडकलेला आहे, दुकानदार काहीही म्हणो, सोडून द्या. बायोसमधे (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमधे) जाताना पासवर्ड मागितला तरी तेच.

नवीन घेताना बिल जीएसटीचं पक्कं घ्या आणि बॉक्सवरचा सीरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटी कधीपर्यंतची दिसते ते दुकानातच बघा, जुना पडलेला पीस असेल तर तिथेच कळतं. ऑनसाइट वॉरंटी लिहिलेली असली तरी तुमच्या पिनकोडला माणूस येतो का ते आधी विचारा, नाहीतर जिल्ह्याच्या ठिकाणी डबा घेऊन जावं लागतं. नो कॉस्ट ईएमआयमधे पण बँक व्याजावर १८ टक्के जीएसटी लावते आणि प्रोसेसिंग फी वेगळी, म्हणजे अगदीच नो कॉस्ट नसतं. दुकानदार फ्री अँटीव्हायरस देतो त्याऐवजी भाव कमी कर म्हणा, विंडोजचं स्वतःचं डिफेंडर घराला पुरतं. मायक्रोसॉफ्ट ऑफिस सोबत येतंय म्हणाला तर कायमचं की एक वर्षाचं हे नीट विचारून घ्या, वर्षाचं असेल तर पुढच्या वर्षी पैसे मागतं.

घरी आणल्यावर विंडोज एस मोडमधे आहे का बघा, असेल तर बाहेरची सॉफ्टवेअर टाकता येत नाहीत, स्टोअरमधून फुकटात बाहेर पडता येतं पण परत एस मोडमधे जाता येत नाही, त्याने काही बिघडत नाही. आणि प्रत्येकाचं अकाउंट वेगळं करा, मुलांना ॲडमिनचे हक्क देऊ नका, पासवर्ड तुमच्याकडे ठेवा, नाहीतर आठवड्याभरात डेस्कटॉपवर तीन गेम आणि दोन नको ते टूलबार आलेच म्हणून समजा.