मॅश एफिशियन्सी मोजताना या चुका टाळा

घरी बिअर करताना भरडलेलं माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) गरम पाण्यात भिजवून साखर काढतात, तो मॅश. माल्टमधून निघू शकणाऱ्या साखरेपैकी किती टक्के हाती आली, ती मॅश एफिशियन्सी. ती ६० टक्के निघाली की बरेच जण तडक धान्य भरडायच्या मिलच्या रोलरमधलं अंतर कमी करायला घेतात. जरा थांबा. पुष्कळदा दोष मॅशमध्ये नसतोच, हिशेबात असतो. (हे सगळं इंग्लंड-अमेरिकेत राहणाऱ्या मंडळींसाठी. इंग्लंडमध्ये घरच्या बिअरवरची परवान्याची अट १९६३ साली गेली, अमेरिकेत केंद्रीय कायद्याने १९७९ पासून मुभा आहे. महाराष्ट्रात मात्र १९४९ चा दारूबंदी कायदा आहे, तिथे परवान्याशिवाय हा उद्योग करू नका.)

एक उदाहरण घेऊ. ५ किलो पेल माल्ट. अशा चांगल्या बेस (मुख्य) माल्टमधून किलोमागे जास्तीत जास्त ३०० च्या आसपास लिटर-पॉइंट (लिटर गुणिले ग्रॅव्हिटीचे पॉइंट) मिळतात, म्हणजे एकूण १५००. उकळी काढायच्या भांड्यात २८ लिटर वर्ट (मॅशमधून निथळलेला गोड रस) जमला, ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत घनता) १.०४२, म्हणजे ४२ पॉइंट. २८ गुणिले ४२ म्हणजे ११७६, भागिले १५००, झाले ७८ टक्के. छान!

पण २८ लिटर मोजले ते उकळीला आलेल्या वर्टचे, आणि ४२ पॉइंट मोजले ते थंड केलेल्या नमुन्याचे. उकळता वर्ट २० अंशांवरच्या वर्टपेक्षा सुमारे ४ टक्के जास्त जागा व्यापतो. म्हणजे खरा वर्ट २७ लिटरच्या किंचित खाली आणि एफिशियन्सी ७५. तीन टक्के नुसत्या उष्णतेने फुगवले होते. ७० अंशांवर मोजलंत तर हा फरक २ टक्क्यांचा असतो.

उलटी चूक जास्त महागात पडते. ६५ अंशांच्या वर्टमध्ये हायड्रोमीटर (ग्रॅव्हिटी मोजायची तरंगती काचेची नळी) बुडवला तर तो साधारण १६ ते १८ पॉइंट कमी दाखवतो. दुरुस्तीचे तक्ते आहेत, पण इतक्या गरम नमुन्यावर त्यांचा फारसा भरवसा धरू नये. नमुना २० अंशांपर्यंत थंड करा (काही हायड्रोमीटर १५.५ अंशांसाठी असतात, कागदी पट्टीवर छापलेलं असतं), हायड्रोमीटर बोटांनी गरकन फिरवून चिकटलेले बुडबुडे घालवा आणि मग आकडा वाचा. डिस्टिल्ड वॉटरमध्ये तो १.००० दाखवतो का, हेही एकदा बघून ठेवा. रिफ्रॅक्टोमीटर (थेंबभर वर्टवरून साखर मोजणारं उपकरण) वापरत असाल तर गरम वर्ट चमच्यात उघडा ठेवू नका. पाणी उडून जातं आणि आकडा वाढतो. ड्रॉपरमध्येच गार होऊ द्या.

वर्ट ढवळला का? पहिला दाट वर्ट भांड्याच्या तळाशी बसतो, स्पार्जचा (चोथ्यावर गरम पाणी घालून उरलेली साखर धुऊन काढतात, त्याचा) पातळ वर्ट वर राहतो. तळाच्या तोटीतून नमुना घेतलात तर आकडा जास्त, वरून घेतलात तर कमी. दोन्ही खोटे. ९५ टक्क्यांच्या वर एफिशियन्सी आली तर पाठ थोपटून घेण्याआधी इथेच शोधा. नाहीतर गॅलनमध्ये: अमेरिकन गॅलन ३.७८५ लिटरचा, ब्रिटिश ४.५४६ चा.

दुसऱ्याच्या आकड्याशी तुलना करताना तो कुठे मोजलाय ते विचारा. वरच्याच बॅचमधून उकळल्यावर फर्मेंटरमध्ये (आंबवायच्या भांड्यात) १.०५२ चा २० लिटर वर्ट पडला, तर ब्रूहाउस एफिशियन्सी (फर्मेंटरपर्यंत पोचलेल्या साखरेचा हिशेब) ६९ टक्के. मॅश तोच, पण दीडेक लिटर वर्ट हॉप्सच्या गाळात राहिला.

एवढं तपासूनही आकडा कमीच असेल, तर साखर तयारच झाली नाही की चोथ्यात अडकून राहिली, हे शोधावं लागतं. त्यासाठी स्पार्जच्या आधी, मॅश नीट ढवळून, पहिल्या वर्टची ग्रॅव्हिटी घ्या. किलोला ३ लिटर पाणी घातलं असेल आणि स्टार्चची पूर्ण साखर झाली असेल, तर ती सुमारे १.०८३ ते १.०८५ यायला हवी. १.०७० वर अडली असेल तर भरड जाडी आहे, मॅशचा पीएच ५.२ ते ५.६ च्या बाहेर गेलाय, किंवा वेळ कमी पडलाय. मूठभर भरड हातात घेऊन बघा: अख्खा दाणा एकही दिसता कामा नये, टरफलं मात्र शक्यतो शाबूत हवीत. मिलचं अंतर बदलायची वेळ आता आली.

पहिला वर्ट १.०८४ चा असेल तर मिलला हात लावू नका. साखर तयार आहे, ती धुऊन निघत नाहीये. स्पार्जचं पाणी दोन भागांत घाला, प्रत्येक वेळी ढवळा, सावकाश निथळू द्या. चोथा किलोमागे साधारण एक लिटर वर्ट धरून ठेवतो, म्हणून स्पार्ज न करणाऱ्यांचा आकडा कमीच राहणार. त्याच भांड्यात ५ ऐवजी ८ किलो धान्य घातलंत तर आणखी घसरेल. जड बिअरची रेसिपी लिहितानाच पाच-दहा टक्के कमी धरा आणि थोडं माल्ट जास्त मागवा.