‘पुट’ वापरताना या चुका टाळा

मालवणात इंग्रजी बोलायला शिकवायचं म्हणजे समोर साधारण तीन प्रकारची माणसं येतात. होमस्टे चालवणारे, स्कूबाच्या नाहीतर किल्ल्याच्या होडीवर काम करणारे मुलगे, आणि बारावी होऊन मर्चंट नेव्हीत जायला निघालेले. प्रत्येकाचं घोडं वेगळ्या ठिकाणी अडतं, पण ‘पुट’पाशी सगळे एकजात आपटतात. कारण शाळेत सगळ्यांनी एकच घोकलेलं असतं: पुट म्हणजे ठेवणे.

मग पुढे ऑफ, ऑन, अप, आउट आलं की बेरीज सुरू. ठेवणे अधिक वर, ठेवणे अधिक बाहेर. ही बेरीज जुळत नाही आणि जुळणारही नाही. आपल्या ‘लागणे’ची करून बघा. फोन लागतो, भूक लागते, होडी धक्क्याला लागते आणि त्याच होडीत बसलेल्या मुंबईकराला बोट लागते. हे आपण कुठल्या यादीतून शिकलो? तरी अशा जोडक्रियापदांची, म्हणजे फ्रेझल व्हर्ब्सची, ‘पाचशे फ्रेझल व्हर्ब्स, मराठी अर्थासह’ नावाची पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतेच, आणि क्लासला येणारा दर दुसरा माणूस ती मोबाइलमध्ये घेऊन येतो. त्या पीडीएफचा एक प्रताप सांगते.

तारकर्लीच्या बाजूला होमस्टे चालवणारा एक गृहस्थ. एका इंग्रज जोडप्याचं ईमेल आलं: तीन रात्री राहायचं आहे, सोबत म्हातारी आई आहे, चालेल का? यादीत ‘पुट अप: राहायला जागा देणे’ असं होतं. आमच्याकडे राहा, तुमच्यासोबत आईलाही ठेवून घेऊ, असं डोक्यात मराठी होतं. त्या ‘कडे’ आणि ‘सोबत’साठी त्याने ‘विथ’ जोडलं आणि लिहिलं: ‘यू कॅन पुट अप विथ अस. वुई विल पुट अप विथ युवर मदर ऑल्सो.’

पुट अप विथ म्हणजे सहन करणे, खपवून घेणे. थोडक्यात, तुम्ही आम्हाला सोसा, आम्ही तुमच्या आईलाही कसंबसं सोसू. उलट टपाली अगदी सभ्य उत्तर आलं की अडचण असेल तर आम्ही दुसरीकडे बघतो. हा मोबाइल घेऊन माझ्याकडे. ‘बाई, ती लोका येवची नाय म्हणतत. माझा काय चुकला?’

चुकलं ते ‘विथ’ आणि ‘यू’ची जागा. हवं होतं ते एवढंच: ‘वुई कॅन पुट यू अप फॉर थ्री नाइट्स.’ यू मध्ये, अप नंतर, विथ नाहीच. सहन करायचं असेल तेव्हा तिन्ही शब्द एकमेकांना चिकटून राहतात आणि ज्याला सहन करायचं तो शेवटी येतो: पुट अप विथ द हीट, पुट अप विथ द नॉइज. यात मध्ये कोणालाही घुसवता येत नाही. मे महिन्यात मालवणात येणाऱ्या पाहुण्याला हे वाक्य बोलावंच लागतं, तेव्हा तुम्हाला ते कळायला तरी हवं.

पाहुणे आले म्हणा. पहिल्याच जेवणाला त्या आजींनी सोलकढीची वाटी पुढे करत विचारलं, ‘आर यू स्टिल पुटिंग अप विथ मी?’ आणि याने हसून ‘येस, येस’ म्हटलं. पीडीएफ अजूनही त्याच्या मोबाइलमध्ये आहे.

दुसरं दुखणं पुट ऑफ. ‘प्लीज पुट ऑफ युवर शूज’ ही पाटी मी इतक्या ओसऱ्यांवर पाहिली आहे की आता तिच्याखालीच चपला काढते. कपडे-चपला घालणं पुट ऑन, हे खरं. पण काढणं मात्र टेक ऑफ. ऑनच्या उलट ऑफ, म्हणून पुट ऑनच्या उलट पुट ऑफ, हा हिशेब शाळेत बरोबर दिसतो आणि ओसरीवर तोंडावर पाडतो. पुट ऑफ म्हणजे पुढे ढकलणे. शिवाय मन उडवणे, नकोसं करणे: ‘द स्मेल ऑफ ड्राइड फिश पुट देम ऑफ.’ सुकवत घातलेल्या बोंबलांजवळून गेलेल्या पाहुण्यांबद्दल असं म्हणता येतं. चपलांबद्दल नाही.

पुढे ढकलण्याच्या अर्थाने वापरतानाही लोक घोळ घालतात. वारा चढला, समुद्र खवळला, म्हणून एका मुलाने पर्यटकांना मेसेज केला: ‘डाइव्ह इज पुट ऑफ.’ त्याला म्हणायचं होतं रद्द. रद्द करणं म्हणजे कॉल ऑफ. पुट ऑफ म्हटलं की समोरचा विचारणार, मग कधी? ते लोक दुसऱ्या दिवशी सकाळी पोहायचे कपडे घालून धक्क्यावर हजर, आणि हा घरी झोपलेला. पुट ऑफ लिहिलंत की पुढे ‘टिल’ लावून दिवस सांगा: ‘वुई हॅव पुट द डाइव्ह ऑफ टिल संडे.’ दिवस सांगता येत नसेल तर ते रद्द आहे, तसं लिहा.

इथेच शब्दांच्या जागेचं बघून घ्या. पुट ऑफ द ट्रिप चालतं, पुट द ट्रिप ऑफही चालतं. पण ट्रिपच्या जागी ‘इट’ आलं की ते मध्येच बसणार: पुट इट ऑफ. ‘पुट ऑफ इट’ कधीच नाही. पुट इट ऑन, पुट इट अवे, पुट इट आउट, सगळीकडे हेच. नियम पाठ करून बोलताना आठवत नाही, हा माझा अनुभव. मी मुलांना प्रत्येक वाक्य दोनदा मोठ्याने म्हणायला लावते, एकदा वस्तूचं नाव घेऊन, एकदा इट घालून, आणि जोर शेवटच्या ऑफ-आउटवर द्यायचा. मासे तळता तळता म्हणा, होडी धुताना म्हणा. आठवडाभर एकच जोडी. ‘बाई, एका दिवसात दहा घेऊया’ म्हणणाऱ्याला मी दहा देते आणि दुसऱ्या दिवशी विचारते. मग तो गप्प बसतो.

बाकीच्या चुका पटापट.

पुटेड नाही. काल, आज, उद्या, पुटच. ‘ही पुट’ म्हणजे त्याने ठेवलं, ‘ही पुट्स’ म्हणजे तो ठेवतो. पुटेड आहे, पण ते गोल्फमध्ये, आणि क्रियापदही निराळं.

पुट ऑन ही अंगावर चढवण्याची क्रिया, नंतर अंगावर असणं म्हणजे वेअर. होडीत बसताना ‘पुट ऑन युवर लाइफ जॅकेट’, होडी चालू असताना ‘कीप वेअरिंग इट’.

पुट आउट म्हणजे आग, दिवा, सिगारेट विझवणं. होडीबद्दल मात्र बंदरातून निघणं. जून-जुलैची मासेमारीबंदी संपल्यावर ‘द बोट्स पुट आउट टू सी’ असं वाचलंत तर होड्या विझल्या असं समजू नका. बंदरात शिरणं म्हणजे पुट इन. नेव्हीवाल्यांना वेगळं सांगते: आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००१ साली जहाजावरच्या बोलण्यासाठी ठरावीक वाक्यं मंजूर केली आहेत, स्टँडर्ड मरीन कम्युनिकेशन फ्रेजेस. त्यात मे आणि कॅनसारख्या साध्या शब्दांबद्दलही सावध केलेलं आहे, कारण ते दोन अर्थांनी ऐकू येतात. तेव्हा व्हीएचएफवर, म्हणजे जहाजाच्या रेडिओवर, तुमचं पुट-बिट नको, तिथे ती वाक्यं जशीच्या तशी. पुट कॅप्टनच्या गप्पा समजायला.

पुट थ्रू फोनवर जोडून देणं: ‘प्लीज पुट मी थ्रू टू द मॅनेजर.’ इथेही ‘मी’ हा इंग्रजी शब्द मध्येच.

आणि खात्री नसेल तर सरळ पोस्टपोन म्हणा, टॉलरेट म्हणा. थोडं पुस्तकी वाटेल, पण गैरसमज होणार नाही. फाडफाड इंग्रजीच्या जाहिराती बघून आलेल्यांना हे पटत नाही, त्यांना सगळं ‘नेटिव्हसारखं’ हवं असतं.

पुट डाउन तर पाळीव प्राण्यांसमोर अजिबात नको. त्याचा साधा अर्थ खाली ठेवणं असला, तरी कुत्र्या-मांजराच्या बाबतीत पशुवैद्याकडून इंजेक्शन देऊन त्याला कायमचं झोपवणं, असाही होतो. पाहुण्याने लॅब्राडोर आणलाय आणि तुम्हाला त्याची रात्रीची सोय मागच्या पडवीत करायची आहे, तर ‘युवर डॉग कॅन स्लीप ऑन द बॅक व्हरांडा’ असं सांगा. ‘वुई विल पुट युवर डॉग डाउन अ‍ॅट नाइट’ असं लिहिलंत तर बुकिंगचे पैसे परत द्यायची तयारी ठेवा.