पंचवीस ओव्यांचं वर्ष

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात भक्तिमार्गांचा तुटवडा नाही. एकाच गल्लीत एका घरी रोज संध्याकाळी हरिपाठ, दुसरीकडे गुरुवारची दत्ताची आरती, पलीकडच्या घरात बसवण्णांची वचनं. बाळेकुंद्रीला दत्तभक्त संत पंत महाराजांचं (१८५५–१९०५) स्थान आहे. बेळगाव शहरात हिंदवाडीला तत्त्वज्ञ-संत गुरुदेव रानड्यांचं मंदिर आहे, आणि त्यांच्यामागे निंबाळ-इंचगेरीची नामसाधनेची परंपरा. नवखा माणूस यातल्या सगळ्यांकडे दोन-दोन महिने जातो, म्हणून कुठंच मुरत नाही. आधी वर्षभर एक पोथी, एक नाम आणि एक वेळ धरा. कोणत्या दारात कायम बसायचं ते त्यानंतर ठरवा.

वेळेपासून सुरुवात करा. रोज अर्धा तास पुरे. पहाटेचाच हवा असं काही नाही. कारखान्यात पाळी बदलत असेल तर घड्याळाची वेळ न धरता 'आंघोळीनंतर लगेच' अशी धरा, म्हणजे पाळी बदलली तरी नेम मोडत नाही. बसायला घोंगडीची चौपदरी घडी घ्या. नुसत्या फरशीवर पंधरा मिनिटांत पायाला मुंग्या येतात आणि सगळं लक्ष पायाकडे जातं. मांडी जमत नसेल तर खुर्ची चालते. जेवून बसलात तर डुलकी येणारच.

माळ तुळशीची, १०८ मण्यांची. ती मधल्या बोटावर ठेवून अंगठ्यानं मणी ओढायचा, तर्जनी लावायची नाही, आणि माळेच्या जोडावरचा मेरुमणी आला की तो न ओलांडता उलट फिरायचं. 'रामकृष्णहरी' शांतपणे म्हटलं तर एका माळेला चारेक मिनिटं लागतात. तीन माळा म्हणजे बारा मिनिटं. पहिल्याच आठवड्यात अकरा माळांचा संकल्प करणारे बहुतेक महिन्याभरात थांबतात. हिशोब साधा आहे, अकरा माळांना पाऊण तास लागतो आणि भात लावणीच्या दिवसांत तो मिळत नाही. तीन महिने तीनच ठेवा, वाढवायची घाई नको. घरात दत्ताची किंवा शिवाची उपासना असेल तर तेच नाम घ्या. नाम गुरूकडूनच घ्यायचं असा दंडक असलेल्या परंपरेत मात्र ऐकीव नाम परस्पर उचलू नका.

आता पोथी. ज्ञानेश्वरीच्या प्रचलित प्रतींत ९,०३३ ओव्या आहेत. रोज २५ वाचल्या तर ३६२ दिवस. खाडे धरले तर तेरा-साडेतेरा महिने लागतात, तेही ठीक. गावच्या सप्ताहात हीच पोथी सात दिवसांत होते, म्हणजे दिवसाला साधारण १,२९० ओव्या. सप्ताहातलं वाचन कानासाठी आणि सोबतीसाठी असतं, त्याची गोडी वेगळी. अभ्यास तिथं होत नाही. ज्यांना ज्ञानेश्वरीची जुनी भाषा फारच जड जाते त्यांनी दासबोध घ्यावा. २० दशक, प्रत्येकात १० समास, रोज एक समास म्हणजे २०० दिवस.

ज्ञानेश्वरी पहिल्या अध्यायापासून सुरू केली की बरेच जण गीतेतल्या सैन्याच्या नावांतच अडकतात. बाराव्यापासून सुरू करा. अडीचशेच्या आत ओव्या आहेत, दहा दिवसांत होतो, आणि मग पहिल्याकडे वळायला जोर येतो. ओवीखाली अर्थ दिलेली सार्थ प्रत घ्या, पण अर्थ पोस्टकार्डानं झाकून ठेवा. ओवी मोठ्यानं म्हणा, आपल्या मनानं अर्थ लावा, अडलेल्या शब्दाचा अर्थ पानाच्या कडेला निळ्या शाईनं लिहा, मग कार्ड सरकवा. पसायदान शाळेपासून पाठ असतं, तरी 'खळांची व्यंकटी सांडो' यातल्या व्यंकटीचा अर्थ विचारला तर कितीतरी जण व्यंकटेशाकडे जातात. व्यंकटी म्हणजे वाकडेपण. मागणं दुष्ट मरोत असं नाही, त्यांचं वाकडेपण गळून पडो असं आहे. एका शब्दानं अख्खी प्रार्थना फिरते, आणि हे झरझर वाचनात सापडत नाही.

सीमाभागातल्या माणसाला एक सोय फुकट मिळालेली आहे, ती वाया घालवू नये. आठवड्यातून एकदा, समजा रविवारी, एक कन्नड वचन किंवा कन्नड हरिदासांचं पद घ्या. लिपी येत नसेल तर शेजाऱ्याकडून म्हणवून वहीत देवनागरीत उतरवा. पुरंदरदासांच्या पदाच्या शेवटी 'पुरंदर विठ्ठल' येतो, तो आपलाच. बसवण्णा म्हणतात, स्थावराला नाश आहे, जंगमाला नाही. मराठीत आपण 'स्थावर-जंगम' वाटणीच्या कागदात वाचतो, दोन्ही मालमत्ता म्हणून. वचनात स्थावर म्हणजे बांधलेलं देऊळ आणि जंगम म्हणजे देहाचंच देऊळ करून चालता-फिरता माणूस. भाषेचं भांडण कुणाला करायचं असेल त्यानं करावं, वही त्यात पडत नाही.

वही दोनशे पानी ठेवा. रोज एक ओळ: तारीख, किती माळा, कुठून कुठवर वाचलं, अडलेला एक शब्द. अनुभव, प्रकाश, स्वप्नं लिहू नका. लिहायला लागलात की मन ती तयार करायला लागतं. खाडा पडला तर तिथं फुली मारा आणि दुसऱ्या दिवशी नेहमीइतकंच करा. दुप्पट भरून काढायला गेलं की तिसऱ्या दिवशी पुन्हा खाडा पडतो. सहा महिन्यांनी फुल्या मोजा. कोणत्या खाड्यानंतर आपण कुणी न सांगता परत आलो, नामाकडे की पोथीकडे, ते पाहा. कल तिथंच कळतो. राग किती वेळ टिकतो हे मात्र घरच्यांना विचारा, स्वतःचं उत्तर धरू नका.

माळ घालायची किंवा अनुग्रह घ्यायचा विचार या वर्षानंतर. वारकरी माळ म्हणजे एकादशी, मांस-मद्य वर्ज्य आणि पंढरीची वारी. आषाढी लावणीत येते, जमत नसेल तर कार्तिकी किंवा माघी धरा. गुरू करण्याआधी जुन्या शिष्यांत बसून पाहा, ते शिष्य गुरूला प्रश्न विचारू शकतात का. औषध बंद करायला सांगणारा किंवा घरच्यांपासून लपवून पैसे मागणारा असेल तर उठून या. जपानं झोप उडाली, भीती वाटू लागली, आवाज ऐकू येऊ लागले तर जप थांबवून डॉक्टर गाठा.

दुसऱ्या वर्षी नवी प्रत घेऊ नका. त्याच प्रतीत, अडलेल्या शब्दांचे अर्थ आता वेगळ्या शाईनं पानाच्या कडेला लिहा. पहिल्या वर्षी निळ्या शाईत लिहिलेले निम्मे अर्थ खोडावे लागतील.