विकसनशील देशांतील उच्च शिक्षणातल्या पुरुष शिक्षकांची तुलना कशी करावी

भारतातील महाविद्यालये आणि विद्यापीठांत शिकवणाऱ्या पुरुषांची संख्या नेपाळपेक्षा जास्त असणार, हे सांगायला आकडेवारीची गरज नाही. म्हणून तक्ता मांडण्याआधी आपल्याला नेमके काय जाणून घ्यायचे आहे, ते एका वाक्यात लिहून काढावे. शिकवणाऱ्यांमध्ये पुरुषांचा वाटा किती, तो कोणत्या देशात किती वेगाने बदलला, की विद्यार्थिसंख्येच्या मानाने पुरुष शिक्षक किती आहेत? या तीन प्रश्नांसाठी तीन वेगळे हिशेब करावे लागतात.

त्यानंतर देश निवडावेत. जागतिक बँकेने २०१६ पासून आपल्या विकास निर्देशांकांत ‘विकसित’ आणि ‘विकसनशील’ अशी विभागणी करणे थांबवले असून ती देशांना दरडोई उत्पन्नानुसार चार गटांत बसवते. ही यादी दरवर्षी १ जुलैला बदलते. दहा वर्षांची तुलना करायची असेल, तर एका ठरावीक वर्षाची यादी घेऊन तीच शेवटपर्यंत वापरावी. अन्यथा मध्येच गट बदललेल्या देशांमुळे गटाची सरासरी हलते आणि प्रत्यक्षात न झालेला बदल झाल्यासारखा दिसतो.

आकडे शक्यतो एकाच ठिकाणचे घ्यावेत. मॉन्ट्रियल येथील युनेस्को सांख्यिकी संस्था जगभरच्या सरकारांकडून माहिती मागवते आणि जागतिक बँकेचे शिक्षणविषयक तक्तेही मुख्यतः तिच्यावरच आधारलेले असतात. शिक्षणाच्या २०११ च्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात पातळी ५ ते ८ म्हणजे उच्च शिक्षण. त्यात पदवी, पदव्युत्तर आणि पीएच.डी.बरोबर अल्प मुदतीचे अभ्यासक्रमही येतात. केवळ विद्यापीठांचे आकडे देणाऱ्या राष्ट्रीय अहवालाशी या संख्येची तुलना करू नये. वर्षही जुळवून घ्यावे. युनेस्कोच्या तक्त्यात शैक्षणिक वर्ष ज्या साली संपते ते साल लिहिलेले असते, त्यामुळे आपले २०२१-२२ तिथे २०२२ म्हणून सापडते.

पुरुषांचा वेगळा रकाना नसेल, तर एकूण संख्येतून स्त्री शिक्षकांची संख्या वजा करावी. फक्त स्त्रियांची टक्केवारी दिली असेल, तर आधी त्याच वर्षाची एकूण संख्या शोधावी. रिकामा रकाना शून्य समजू नये. तसे केल्यास वजाबाकीत सगळेच शिक्षक पुरुष ठरतात, आणि संगणकाच्या तक्त्यात ही चूक सहजासहजी लक्षात येत नाही.

संख्या आणि वाटा हे दोन्ही शेजारी शेजारी मांडणे का आवश्यक आहे, ते आपल्याच देशाच्या आकड्यांतून स्पष्ट होते. अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार २०१४-१५ मध्ये ५.६९ लाख स्त्री शिक्षक होत्या आणि दर १०० पुरुषांमागे त्यांचे प्रमाण ६३ होते. २०२१-२२ मध्ये त्या ६.९४ लाख झाल्या आणि प्रमाण ७७ वर गेले. यावरून पुरुषांची संख्या काढली, तर ती दोन्ही वर्षी सुमारे ९ लाखच येते. पुरुषांचा वाटा मात्र जवळपास ६१ टक्क्यांवरून ५६.६ टक्क्यांवर आला. नुसता वाटा पाहणारा वाचक पुरुष या पेशातून बाहेर पडत आहेत असे म्हणेल, तर नुसती संख्या पाहणाऱ्याला काहीच बदललेले दिसणार नाही. प्रत्यक्षात एकूण शिक्षकसंख्येत जी वाढ झाली, ती जवळजवळ सगळी स्त्रियांची आहे. त्यामुळे टक्केवारी एकटी कधीही छापू नये, असे माझे ठाम मत आहे.

देशादेशांतील फरकही मोठा आहे. फिलिपिन्स आणि थायलंडमध्ये उच्च शिक्षणात स्त्री शिक्षक बहुसंख्य आहेत, तर इथिओपियात पुरुषांचे प्राबल्य अजूनही फार मोठे आहे. भारताच्या सरासरीतही असाच भेद दडलेला आहे, कारण केरळमध्ये स्त्रिया पुरुषांपेक्षा जास्त आहेत आणि बिहारमध्ये बऱ्याच कमी.

सर्वांत अवघड भाग म्हणजे ‘शिक्षक’ कोणाला मोजले, हे तपासणे. महाराष्ट्रात तासिका तत्त्वावर शिकवणारे अनेक प्राध्यापक एकाच वेळी दोन महाविद्यालयांत जातात. ब्राझीलमध्येही तासांवर पगार घेणारे शिक्षक पुष्कळ आहेत. माणसे मोजली की नेमणुका, पूर्णवेळ शिक्षकच घेतले की अर्धवेळही, यांवर संख्या अवलंबून असते. ही व्याख्या तक्त्याच्या तळटीपेत असते. ती मिळाली नाही, तर त्या देशाची संख्या क्रमवारीत घेऊ नये. फक्त पुरुषांचा वाटा, तोही सावधपणे, द्यावा.

शेवटी विद्यार्थिसंख्येशी मेळ घालावा. भारतात २०२१-२२ मध्ये सुमारे ४.३३ कोटी विद्यार्थी होते, म्हणजे दर हजार विद्यार्थ्यांमागे साधारण २१ पुरुष शिक्षक. हाच भागाकार प्रत्येक देशासाठी, त्याच वर्षाच्या विद्यार्थिसंख्येने करावा आणि तक्त्याखाली वर्ष, पातळी आणि शिक्षकाची व्याख्या लिहावी.