‘टेक द रेन्स’ कसे वापरावे: धुरा, कासरा आणि चार्ज

पतसंस्थेला नवा चेअरमन मिळाला की मराठी बातमी ‘सूत्रे हाती घेतली’ म्हणून मोकळी होते. बेळगाव, खानापूर, निपाणीकडे तीच बातमी पुष्कळदा इंग्रजीतही द्यावी लागते. मग ‘टेक द रेन्स’ आठवते, आणि चुकाही तिथेच होतात.

रेन्स म्हणजे लगामाचे दोर, बैलगाडीत कासरा. उसाची गाडी भरून उभी असते. गाडीवान चढतो, अडकवलेला कासरा सोडवून हातात घेतो, हलका हिसडा देतो आणि बैल पाऊल उचलतात. वाक्प्रचार त्या क्षणाचा आहे. आपली ‘धुरा’ मात्र बैलाच्या खांद्यावर असते. म्हणून ‘धुरा सांभाळली’ यात ओझे आहे, ‘रेन्स’मध्ये ताबा. मंडळाची वर्गणी, मांडव, पोलीस परवानगी सगळे एकटा खजिनदार ओढत असेल, तर धुरा त्याच्यावर आहे, रेन्स अध्यक्षांकडेच. मराठीतला सर्वांत जवळचा शब्द खरे तर ‘सारथ्य’.

तेव्हा लिहिण्याआधी पाहा, ताबा खरोखर बदलला का? कित्तूरचे उदाहरण चोख बसते. १८२४ मध्ये शिवलिंगरुद्र सर्जा वारले आणि कारभार राणी चन्नम्मांकडे आला: ‘राणी चन्नम्मा टुक द रेन्स ऑफ कित्तूर इन १८२४.’ त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात त्या इंग्रजांशी लढल्या, म्हणजे ताबा नावापुरता नव्हता. उलट बेळगावचे १९२४ चे काँग्रेस अधिवेशन घ्या. गांधीजी अध्यक्ष झाले ते या एकाच अधिवेशनात, पण पक्षावर त्यांची पकड १९२० पासूनची. इथे ‘टुक द रेन्स’ लिहिले तर त्याआधी ते बाजूला होते असे वाटेल. ‘प्रिसायडेड ओव्हर द बेलगाम सेशन’ हेच बरोबर.

आता वाक्याची बांधणी. संस्थेआधी ‘ऑफ’, आधीच्या माणसाआधी ‘फ्रॉम’: ‘शी टुक द रेन्स ऑफ द सोसायटी फ्रॉम हर अंकल.’ देणाऱ्याच्या बाजूने सांगायचे तर ‘हँडेड ओव्हर द रेन्स टू’. शब्द अनेकवचनी ठेवा आणि ‘द’ गाळू नका. ‘टुक रेन’ असे लिहिले तर वाक्प्रचार मोडतो.

सर्वांत जास्त घोळ काळाचा होतो, कारण आपण मराठीतून उतरवतो. ‘२०१९ पासून सूत्रे हाती घेतली आहेत’ हे डोक्यात असते आणि कागदावर ‘हॅज टेकन द रेन्स सिन्स २०१९’ येते. कासरा उचलणे एकदाच घडते. ‘टुक द रेन्स इन २०१९’ लिहा. आजवर हातात आहे हे सांगायचे असेल तर ‘हॅज हेल्ड द रेन्स सिन्स २०१९’.

स्पेलिंग आर-ई-आय-एन-एस. मध्ये ‘जी’ घातला की राजाची कारकीर्द होते. दोन्हींचा उच्चार एकच आणि विषयही सत्तेचाच, म्हणून भलेभले फसतात. ‘फ्री रेन’, म्हणजे मोकळीक, यातही ‘जी’ नाही. घोड्याचा लगाम सैल सोडणे हाच त्याचा मूळ अर्थ. तिथे मात्र शब्द एकवचनी असतो.

सरकारी कागदावर हा अलंकार नको. बदली होऊन आलेल्या शिक्षकाने रुजू अहवालात ‘अझ्यूम्ड चार्ज’ लिहून तारीख द्यावी, सकाळी हजर झाल्यास ‘फोरनून’ जोडावे. इथेच आणखी एक खाच आहे. आपल्या कचेऱ्यांत ‘इन-चार्ज हेडमास्तर’ म्हणजे प्रभारी, कायमचा माणूस येईपर्यंतचा. परदेशी वाचक ‘इन चार्ज’चा अर्थ सरळ ‘प्रमुख’ असा घेतो. पत्र बाहेर जाणार असेल तर ‘अ‍ॅक्टिंग’ लिहावे.

कन्नड वर्तमानपत्रांत सत्तेची ‘चुक्काणी’ धरतात, म्हणजे सुकाणू. ते रोज वाचणाऱ्याच्या हातून ‘टुक द हेल्म’ सहज उतरते, आणि तेही चालते. फक्त ‘टुक द रेन्स अँड स्टिअर्ड द शिप’ नको: लगाम धरून जहाज हाकता येत नाही.